टक्के आणि टोणपे

माझ्याकडे सव्वीस किल्ल्या आहेत आणि सव्वीस वर्षं,
दोन्हींतल्या काही आता कशालाच लागत नाहीत.
संध्याकाळी साडेपाचला मी शाळा मागून पुढे वाचत जातो:
आधी कचरापेटी, मग खुर्च्या, शेवटी फळा.

ऑफिसच्या भिंतीवर एक आलेख टांगलाय.
निळी रेघ, दर ऑगस्टला एक टिंब पुढे.
सात मुख्याध्यापक आले नि गेले,
कुणी तिच्याकडे बघून कपाळाला हात लावला, कुणी केक कापला.
मी काचेवरची धूळ पुसतो.
रेघ खोटं बोलत नाही, एवढं मी सांगीन.
फक्त कोणाविषयी बोलतेय, ते सांगत नाही.

एक वर्ष ती पार तळाला होती.
पेपरात नाव आलं, तेही लाल चौकटीत.
त्या वर्षी ओआखाकाच्या डोंगरांतून बावीस मुलं आली होती,
आईबाप स्ट्रॉबेरीच्या सऱ्यांत वाकलेले,
इंग्रजी नाही, स्पॅनिशही धड नाही,
आणि घरची बोली अशी
की सूर जरा हलला तर शब्दाचा अर्थच बदलतो.
ओकामुराबाईंनी फळ्यावर एक स्ट्रॉबेरी काढली
आणि खाली काही लिहिलंच नाही.
म्हणाल्या, तुम्ही सांगा.
(त्यांचे आजोबा याच मातीत वाकलेले. हे त्या वर्गात बोलत नसत.)
त्या संध्याकाळी मला फळा पुसवेना.
तीन भाषा, सतरा हस्ताक्षरं,
एकच फळ.

जूनपर्यंत सेलेदोनियो शून्यावरून सदतीसवर आला.
पास व्हायला चाळीस लागत.
म्हणजे आलेखात तो कुठेच नाही,
चाळिसाच्या खालचं रेघेला दिसत नाही.
पहिलं पुस्तक संपलं तेव्हा तो माझ्या मागे मागे
साऱ्या दारांवरच्या पाट्या मोठ्याने वाचत फिरला:
मुलगे. मुली. धोका. ढकला.

नोव्हेंबरात मजुरांची छावणी बंद होई.
बाकांखाली एक मोजा, पेन्सिलीचे तुकडे,
अर्धवट सोडवलेला भागाकार.
बाकी किती उरली ते लिहायचं राहिलेलं.

मग डोंगरापलीकडून काचेच्या बसा यायला लागल्या,
गॅरेजांचीही भाडी झाली, आणि रेघ चढायला लागली.
आधी तीन टक्के, मग नऊ, मग एका वर्षात चौदा.
केक आला. निळं आयसिंग.
जिल्ह्याचे साहेब म्हणाले, दरी बुजली.
मी मागे ट्रे घेऊन उभा होतो.
साहेब, दरी आहे तेवढीच आहे,
पलीकडच्या काठावर आता कोणी राहत नाही.
हे मी बोललो नाही. ट्रे जड होता.
टक्के सगळे इथे भिंतीवर लागले,
टोणपे खात कोण कुठे गेलं, त्याचा कागद नाही.

नवी मुलंही मुलंच. स्लोन नावाची एक आहे,
शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळाले म्हणून
झाडूच्या खोलीत लपून रडते.
मी तिला उलटी बादली देतो बसायला.

आणि चार नंबरच्या वर्गात आता ब्रिहिदा शिकवते,
सेलेदोनियोची धाकटी बहीण.
पहाटे साडेचारला निघते, सव्वा तास गाडी चालवते,
कारण पगारात इथे खोली बसत नाही.
तिचा मुलगा एलिसेओ तिकडच्याच शाळेत जातो;
इथल्या हद्दीत त्याचा पत्ता नाही.
तिकडची रेघ कशी आहे, मी विचारलं.
ती वह्या तपासत होती.
लाल, म्हणाली. आणि बाई चांगल्या आहेत.

या ऑगस्टला शिडी धरायला मला बोलावलं.
टिंब लावायला जागाच नव्हती,
रेघ चौकटीच्या लाकडाला टेकली होती.
नवी चौकट आणा म्हणाले, उंच घ्या, चांगली हातभर उंच.
मी खिशातून टेप काढला,
उंची मापली, कागदावर लिहिली,
आणि तसाच थांबलो.
रुंदी कोणी सांगितली नाही.